चौदा सेकंदांची फुंक

मी एक जुनी लाकडी शिट्टी आहे. माझा लाल रंग तोंड लावण्याच्या जागी पार उडाला आहे. मित्रांनो, शिट्टी म्हटली की तुम्हांला खेळाचे मैदान आठवेल. मी मैदान कधी पाहिले नाही. माझे सारे आयुष्य एका खोलीत गेले. तिथे एक मोठा आरसा होता, दोन बुटक्या खुर्च्या होत्या, आणि ज्यांचे बोलणे कुणाला कळत नसे अशी मुले तिथे येत.

त्या मुलांना बोलायला शिकवणाऱ्या मोठ्या बाईंनी मला एका कारागिराकडून मुद्दाम घडवून घेतले. थोडी जाड, वाजायला थोडी अवघड. "फुंक सुधारली की जीभ सुधारते," असे त्या म्हणत. त्यांना ते त्यांच्या बाईंनी सांगितले होते. निवृत्त होताना मोठ्या बाईंनी मला आपल्या हाताखालच्या तरुण बाईंच्या स्वाधीन केले आणि ते वाक्यही दिले. बाईंनी दोन्ही जिवापाड जपले.

वीस वर्षे मी काम केले. प्रत्येक मुलानंतर मला उकळत्या पाण्यात टाकत, पुसत, खिडकीत वाळवत. मूल मला फुंके आणि बाई हातातल्या घड्याळाकडे पाहत. मग वहीत लिहीत: तीन सेकंद. पाच सेकंद. नऊ सेकंद, छान प्रगती. काही मुले पुढे खरोखरच नीट बोलू लागली. त्यांच्या आया म्हणत, "शिट्टीला हातगुण आहे हो बाई." मी ते खरे मानले. बाई मधल्या वेळात त्या मुलांशी किती बोलत, हे कुणीच मोजले नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडत होती, आणि आम्ही कावळ्याचे कौतुक करत होतो.

मग काजू आली. हे तिचे घरातले नाव, आणि नेमके तेच तिला म्हणता येत नसे. ती 'ताजू' म्हणे. 'क' तिच्या तोंडातून कधी निघतच नसे. मुले हसू लागली तशी ती नाव सांगायचीच बंद झाली. कुणी विचारले की आजोबांच्या पाठीमागे लपे. आजोबा शिंपी होते. दर मंगळवारी दोन बस बदलून तिला आणत. तिच्याइतके मन लावून मला कुणी फुंकले नाही. सहा सेकंद, दहा सेकंद. अशी दोन वर्षे गेली. शाळा तीन महिन्यांवर आली. तिथे पहिल्याच दिवशी नाव विचारणार होते.

बाई दर वर्षी कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणाला जात आणि येताना पिशवी, पेन आणि प्रमाणपत्र आणत. त्या वर्षी परत आल्या त्या थेट कपाटातल्या वह्या काढून जमिनीवर बसल्या. खोली झाडणाऱ्या मावशी दारात थबकल्या.

"मावशी, या वह्यांत मी काय लिहिलंय, सांगा."

"तुमचं अक्षर? त्यापेक्षा डॉक्टरांची चिठ्ठी बरी."

"सगळीकडे फुंक लिहिलीय. बोलणं कुठंच नाही. तिथं आम्हाला मुलांवर तपासून काय निघालं ते दाखवलं. फुंकून मुलांची फुंक वाढते. बोलणं बोलूनच सुधारतं."

मावशींनी केरसुणी भिंतीला टेकवली. "मग ठेवा शिट्टी कपाटात आणि करा दुसरं सुरू. कुणाला कळतंय?"

बाईंनी मला धुतले, पुसले, खिडकीत ठेवले. त्या दिवशी मला कुणी वापरले नव्हते. मला राग आला नाही, रडूही आले नाही. लाकूड फार दिवस पाण्यात राहिले की त्याला पाणी कळेनासे होते, तसे काहीसे झाले.

मंगळवारी आजोबा दारातूनच म्हणाले, "बाई, घरी चौदा सेकंद झाले. घड्याळ लावून मोजले. शेजारी म्हणतात, तुमच्याकडं आगगाडी येते का?"

"बसा आजोबा. चूक झालीय माझी."

बाईंनी सगळे सांगितले. मध्ये कुठे थांबल्या नाहीत. आजोबांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच ठेवला.

"म्हणजे ही दोन वर्षं..."

"फुंक वाढली. बोलणं होतं तिथंच आहे. मी आधीच तपासायला हवं होतं."

"मी शिंपी माणूस, बाई. माप चुकलं तर कापड वाया जातं, दुसरं आणता येतं. हिची दोन वर्षं कुठल्या दुकानात मिळतील?"

काजू आरशात पाहत गाल फुगवत होती. आजोबांनी चष्मा चढवला.

"उसवा आता. पण या खेपेला माप नीट घ्या."

त्या दिवसापासून मी खणात गेले. खणाच्या फटीतून ऐकू येई, थोडे दिसेही. जीभ मागे कशी जाते ते आधी आरशात. मग नुसता 'क', मग शब्द, आणि प्रत्येक शब्दाला वाटीत एक मणी. एका तासात शंभर मणी. वहीत आता चुकलेले आणि बरोबर आलेले शब्द लिहिले जात. पहिल्या आठवड्यात शंभरात चार बरोबर होते. बाईंनी चारच लिहिले.

शाळेच्या पहिल्या दिवशी ती नव्या गणवेशातच खोलीवर आली. मावशींनी मुद्दामच विचारले, "कोण गं तू?"

"काजू," ती म्हणाली. आणि आजोबांच्या पुढे जाऊन खुर्चीवर बसली.

आजोबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. तीन महिन्यांत जमले होते. ती दोन वर्षे मात्र परत आली नाहीत. मी आनंदाने वाजायला हवे होते, पण मला फुंकणारे कुणी नव्हते, आणि खरे सांगते, मला काही वाटलेही नाही.

आता बाईंचे केस पांढरे झाले आहेत. हाताखाली नव्या मुली येतात, कुणी नवे यंत्र आणते, कुणी नवा खेळ. "सगळे म्हणतात, याचा फार गुण येतो," असे कुणी म्हणाले की बाई खण उघडतात आणि मला टेबलावर ठेवतात. "हिच्याबद्दलही म्हणत होते," एवढेच बोलतात. मग काजूची पहिली वही उघडून देतात. आता माझे काम हेच आहे.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हांला सांभाळा. मी तसे म्हणणार नाही. माझी फार निगा राखली गेली. त्या दोन वर्षांत मला एक चरासुद्धा पडला नाही. निगा तिची राखायची होती, जी मला फुंकत होती.