लुकाच्या आईचं पत्र

“लिहा ना, तिले थंडी सोसत नाही म्हनून,” बिस्मिल्ला म्हणाली.

“लिवलं.”

“अन् पोरगी उपाशी राहीन, पन मांगून खानार नाही.”

अब्दुल गनींनी बायकोचं तेही वाक्य लिहिलं. त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, मलिहाला, कंपनीने दोन वर्षांसाठी पोलंडला पाठवून नऊ दिवस झाले होते. फोनवर ती ‘सब ठीक है, अब्बा’ एवढंच म्हणायची. गनींना त्या ‘ठीक’ची पारख होती. त्याच कंपनीच्या खामगावच्या कारखान्यात येणाऱ्या परदेशी इंजिनिअरांची सगळी सोय चौदा वर्षं तेच बघत आले होते. पोलिसांकडची नोंद, घर, गॅस, ब्रेड. नवा माणूस पहिल्या आठवड्यात सगळं ठीक आहे म्हणतो आणि दुसऱ्या आठवड्यात जेवण टाकतो. म्हणूनच तिकडे हे काम बघणाऱ्या मार्ताबाईंना त्यांनी मेल केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऑफिसात, उत्तर आलं. ‘आपली काळजी आम्ही समजू शकतो. मात्र कर्मचाऱ्याच्या खाजगी बाबींविषयी कुटुंबीयांशी पत्रव्यवहार करता येत नाही.’

गनींनी ते दोनदा वाचलं. वाक्यं ओळखीची होती. कंपनीने ठरवून दिलेला हाच मजकूर सहा वर्षांपूर्वी त्यांनीही पाठवला होता, इटलीहून आलेल्या लुकाच्या आईला.

जुने मेल उपसता उपसता तिचं पत्र सापडलं. मोडक्या इंग्रजीत तिने दोनच गोष्टी विचारल्या होत्या. माझा मुलगा जेवतो का? त्याच्याशी कोणी बोलतं का?

लुका तर केव्हाच मायदेशी गेला होता. तरी संध्याकाळी घरी येताच गनी लिहायला बसले.

‘बाई, आधी तो नीट जेवत नव्हता. मग दर शुक्रवारी आमच्याकडे येऊ लागला. माझ्या बायकोच्या हातच्या तीन-तीन भाकरी खायचा. माझी लेक त्याच्याशी खूप बोलायची. फक्त तुमच्या वाढदिवशी रडला. नंतर आमच्याच घरी झोपला.’

“कोनाले लिहून राह्यले?” बिस्मिल्लाने विचारलं.

“लुकाच्या मायले.”

“आता? सहा वर्सांनी? काऊन?”

“तिनं इचारलं होतं,” गनी म्हणाले.