लाल टोक

आमच्या रविवारच्या चालणाऱ्या मंडळात एक नियम आहे. जो पुढे असेल त्याच्या हातात नकाशा आणि होकायंत्र. मागच्यांनी फक्त चालायचं. पुढचा थांबून स्वतः विचारत नाही तोवर दिशेबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. हा नियम माझ्या बायकोने केला. त्याआधी एका वळणावर चौघांनी चार रस्ते सांगितले होते म्हणे, आणि मंडळी पाऊण तास तिथेच वाद घालत उभी होती.

या नियमामुळेच मी सहा माणसांना दोन तास बरोब्बर उलट्या दिशेला नेऊ शकलो.

ही जाऊन नऊ महिने झाले. शिवणकाम करायची. सहा दिवस मशीनवर वाकायची आणि सातव्या दिवशी पाठ सरळ करायला डोंगरात जायची. मी कधी गेलो नाही. एकतीस वर्षं मी बस चालवली, अकरा नंबरची, एकाच मार्गावर. सुटीच्या दिवशी मला कुठेही जायचं नसायचं. ती नकाशा पसरून बसली की मी म्हणायचो, "तुला रस्ते माहीत नाहीत म्हणून एवढी यंत्रं लागतात."

ती मान वर न करता म्हणायची, "अहो, तुम्हाला एकच माहीत आहे, म्हणून लागत नाहीत."

तिच्या मागे तिच्या नकाशावर पेन्सिलीने आखलेली एक वाट सापडली. पाण्याच्या टाकीपासून निघून टेकडी ओलांडून पलीकडे उतरणारी. शेवटी एक गोल. बाजूला बारीक अक्षरात अंश, अंतरं आणि 'पुढच्या थंडीत'. ती थंडी तिला मिळाली नाही. मी मंडळाच्या सेक्रेटरींना जाऊन सांगितलं की ही वाट चालायची आहे, आणि पुढे मी असणार.

सेक्रेटरी म्हणजे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. सगळे त्यांना सर म्हणतात. सर म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, तिकडे पाट्या नसतात."

मी दीड महिना स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकत होतो. तिच्या वहीत सगळं लिहिलेलं होतं. होकायंत्र पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीवर बसवलेलं असतं. पट्टीची कड नकाशावर लावायची, इथून तिथपर्यंत. मग तबकडी फिरवून तिच्यावरच्या रेघा नकाशावरच्या उभ्या रेघांशी जुळवायच्या. मग यंत्र छातीशी धरून आपणच फिरायचं, सुईचं लाल टोक तबकडीवरच्या लाल चौकटीत येईपर्यंत. आलं की पट्टीवरचा बाण सांगेल तिकडे चालायचं. मला ते सोपं वाटलं. यात डोकं लागत नव्हतं, आणि बस चालवतानाही मी ते फारसं वापरलं नव्हतं.

त्या रविवारी ढग होते, सूर्याचा पत्ता नव्हता. मी टाकीपाशी उभा राहून फिरलो, लाल टोक चौकटीत आणलं आणि निघालो. टेकडी पाठीमागे राहिली. मला वाटलं, पुढे दुसरी येईल. दोन तासांनी आली ती वीटभट्टी. तिथे वाट संपली आणि एक कुत्रा भुंकायला लागला.

मी थांबलो. म्हणालो, "विचारतो. आपण कुठे आहोत?"

"वीटभट्टीवर," सर म्हणाले.

"ते दिसतंय. चुकलो कधी?"

"टाकीपाशीच. पहिलं पाऊल टाकलंत तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"नियम वहिनींचा आहे."

दातांच्या डॉक्टरीणबाई बूट काढून पायाचा फोड बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुम्ही मुद्दाम लांबून नेताय. बसवाल्यांना सवय असते."

परतताना सरांनी मला बाजूला घेतलं. "पुढच्या रविवारी पुन्हा बघा. नाही जमलं तर ही वाट मी नेतो. वहिनींचं काम असं अर्धवट पडून राहायला नको." हे ते चांगुलपणाने म्हणाले, म्हणून जास्त लागलं. तिची शेवटची वाट, आणि तिचा नवरा मागच्या रांगेत.

रात्री मुलीचा फोन आला. "बाबा, फोनमध्ये असतं की होकायंत्र. नवी पिढी तेच वापरते."

"तुझी आई वापरायची का?"

"आईला नकाशा वाचता यायचा."

दुसऱ्या दिवशी मी डोंगरात चालणाऱ्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो. दोर, बूट, पाठीवरच्या पिशव्या, आणि एका काचेच्या पेटीत होकायंत्रं. दुकान तिशीतली एक बाई चालवत होती. मी म्हणालो, "नवं दाखवा. जुनं बिघडलंय. माणसाला फसवतं."

"जुनं बघू?"

तिने ते हातात घेऊन हलवलं, आत बुडबुडा आहे का पाहिलं. मग लोखंडी कपाटांपासून लांब, दुकानाच्या मधोमध एक लाकडी स्टूल ओढलं. त्यावर तिचं एक होकायंत्र ठेवलं, सुई थांबू दिली. ते उचलून त्याच जागी आमचं ठेवलं. तिच्या यंत्राचं लाल टोक दाराकडे होतं. आमचं गल्ल्याकडे.

"सुई उलटी झाली आहे, काका. उत्तर-दक्षिण अदलाबदल. हे कशाजवळ ठेवलं होतं? स्पीकर? लोहचुंबक?"

मला आठवलं. टाचण्या सांडल्या की उचलायला ती घोड्याच्या नालेच्या आकाराचं एक लोहचुंबक वापरायची. तिच्या वस्तू घरभर असायच्या. कात्री खिडकीत, होकायंत्र दाराच्या खुंटीला, चुंबक मशीनच्या खणात. मला कधी काही सापडायचं नाही आणि तिचं कधी काही हरवायचं नाही. ती गेल्यावर पंधरा दिवसांनी मी सगळं गोळा करून एका डब्यात नीट लावलं. होकायंत्राची तबकडी चुंबकाच्या दोन पायांमध्ये अगदी फिट्ट बसली. जणू त्यासाठीच केलेली. मला बरं वाटलं होतं, की निदान आवरता तरी आलं.

"कुणी ठेवलं असं?" बाईने विचारलं.

"घरातल्यांनी."

"घरात कोण कोण असतं?"

"मी."

तिने वर पाहिलं, आणि मग पुढचं फार हळू आवाजात बोलली. म्हणाली, त्याच चुंबकाने सुई पुन्हा सुलटी करता येते. तिच्याकडे एक होतं. तबकडीवरून पाच-सहा वेळा एकाच बाजूने फिरवलं आणि आमचं लाल टोक निमूटपणे दाराकडे वळलं. "पण याच्या भरवशावर लोकांना नेऊ नका. एकदा फिरलेली सुई पुन्हा कधी फिरेल सांगता येत नाही. हे आठवणीला ठेवा, चालायला दुसरं घ्या."

मग तिने पेटी उघडली. एकाला आरसा होता. "लांबचं झाड हेरायला चांगलं," ती म्हणाली.

"त्यात मीच दिसतोय."

"मग नको." दुसरं बटणाएवढं, मनगटावर बांधायचं. पट्टी नाही म्हणजे नकाशावर लावायला कड नाही, ते बाजूला. तिसऱ्याची तबकडी इतकी गुळगुळीत की माझ्या जाड बोटांना फिरेना. स्टिअरिंग धरून धरून बोटांची पेरं सुजली आहेत. चौथ्याची पट्टी वीतभर लांब, तबकडीला खाचा, आणि कडेला नकाशाची मापं. तिने विचारलं, "नकाशा कुठला आहे?" मी दाखवला. चाळीस वर्षांपूर्वीचा, घड्यांवर चिकटपट्टी लावलेला. तिने त्यावर पट्टी ठेवून पाहिली. "हे माप जुळतं. हेच घ्या. बाकीची तुम्हाला आवडतील, पण उपयोगी पडणार नाहीत."

मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं.

निघताना तिने बजावलं, "दोन होकायंत्रं एकाच खिशात ठेवायची नाहीत. एकमेकांना ओढतात. तीन-चार हात लांब."

रविवारी मी टाकीपाशी सरांच्या हातात जुनं दिलं. "हे घेऊन माझ्या मागे चार हात चाला."

"का?"

"जवळ आलं की मला चुकवतं."

"लग्न झालेल्या माणसाला हे सांगायला नको," सर म्हणाले आणि मागे झाले.

या वेळी टेकडी समोर होती. वर एक फाटा आला. डावीकडची वाट रुंद, पायाखालची, बस जाईल इतकी छान. उजवीकडची काट्यांतली. लाल टोक चौकटीत, आणि बाण उजवीकडे. एकतीस वर्षांच्या सवयीने हात डावीकडे वळत होते. मी थांबलो.

मागून सर म्हणाले, "विचारताय का?"

"नाही. दम खातोय."

मी काट्यांत शिरलो. मागून डॉक्टरीणबाईंचा सुस्कारा मला ऐकू आला. दीड तास उतरलो. झाडं सरली, पत्र्याचं एक छप्पर दिसलं, मग एक लोखंडी खांब, आणि खांबावर अकरा आकडा.

बस उभी होती. नवा ड्रायव्हर चाकावर पाणी मारत होता. तो माझ्या हाताखाली शिकलेला. "मामा," तो म्हणाला, "तुम्ही मागून कुठून आलात?"

माझ्या मार्गाचा शेवटचा थांबा. दिवसातून सहा वेळा मी इथे येऊन दहा मिनिटं थांबायचो, बस वळवायचो, तोंड शहराकडे करून चहा प्यायचो. पाठीमागे टेकडी आहे हे मला ठाऊक होतं, भिंत असते तशी. चाळीस वर्षांपूर्वीच्या नकाशावर इथे थांबा नव्हता, फक्त शेत आणि दोन बारीक रेघा. माझा रस्ता मी कधी वरून पाहिलाच नव्हता. आणि ज्या ठिकाणी मी हजारो वेळा आलो होतो, तिथे पोचायला मला दीड महिना आणि दोन होकायंत्रं लागली.

मी सरांकडे पाहिलं. "गोल इथे आहे, हे तुम्हाला माहीत होतं."

"भूगोल शिकवायचो मी."

"नियम," मी म्हणालो.

"नियम." मग ते छपराखालच्या बाकावर टेकले. "तसं काही मनात आणू नका. परतायला बस मिळते, म्हणून वहिनींनी इथे संपवली असेल. फार व्यवहारी होत्या."

"हो," मी म्हणालो. "तेवढंच असणार."

परत येताना मी पहिल्यांदाच त्या बसमध्ये मागच्या सीटवर, खिडकीशी बसलो. रस्ता फारच वळणांचा आहे. चालवताना हे कधी लक्षात आलं नव्हतं.

घरी आल्यावर मी तो डबा उघडला. कात्री खिडकीत ठेवली. तिचं होकायंत्र दाराच्या खुंटीला, नवं दुसऱ्या खोलीत. चुंबक मशीनच्या खणात. त्याला एक टाचणी अजून चिकटलेली होती. ती काढली नाही.