धन्यकुमार अण्णांचा पिवळा दिवा

लष्करात मी हवालदार होतो, तासगावात गॅरेज टाकल्यावर लोकांनी परस्पर मेजर करून टाकलं. माझं डोकं लवकर तापतं हे अख्ख्या गावाला माहीत आहे, आणि धन्यकुमार अण्णांनी ते एका महिन्यात चार वेळा तापवलं.

"मेजर, गाडी मधनंच आचके देती, आन् पिवळा दिवा लागतोय," ते म्हणायचे. मी स्कॅनर जोडायचो. बिघाड झाला की गाडीचा कॉम्प्युटर स्टेअरिंगसमोर दिवा लावतो आणि बिघाडाचा कोड नोंदवून ठेवतो. अण्णांच्या गाडीत ना दिवा, ना कोड. एकदा मणेराजुरीपर्यंत पळवून आणली, एक आचका नाही.

चौथ्या खेपेला त्यांचा मुलगा आर्जव बरोबर आला. बापाला बाहेर बसवून मला म्हणाला, "मेजर, खरं सांगा. दिवा लागतोय का?"

"मशीन तर न्हाई म्हणतंय."

"मग अण्णांचंच कायतरी बिघडलंय. गुरुवारी मिरजेला मेंदूच्या डॉक्टरला दाखवतो आन् किल्ली काढून घेतो."

मला खरं तर काहीच कळत नव्हतं. पण कळत नाही म्हटलं की मेकॅनिकची अब्रू जाते. मी मान डोलावली. वर बाहेर जाऊन अण्णांनाच ऐकवलं, "आवं अण्णा, वय झालं की नसलेलं बी दिसतंय."

अण्णा उठून गेले.

डोक्यातून काही ते जाईना. बेदाणा दोन बोटांत दाबून त्यात ओल किती ते सांगणारा माणूस, त्याला नसलेला दिवा कसा दिसेल? आणि दिसत असेल तर मशीन खोटं का बोलेल? दोन दिवस मी गिऱ्हाइकांवर उगाच खेकसत काढले. सोमवारी सकाळी मोटारसायकल काढली आणि अण्णांच्या बेदाणा शेडवर गेलो.

"चला, तुमी चालवा. मी शेजारी बसतो."

कॅनॉलच्या वळणावर गाडीनं आचका दिला आणि दिवा लागला. मी ओरडलोच, "लागला! अण्णा, लागला की!"

अण्णांनी गाडी हळू केली. "तुमाला बी दिसतोय?" त्यांनी विचारलं.

स्कॅनर मोटारसायकलच्या डिकीत राहिला होता, म्हणून शेडवर परत आलो. मी तो काढेपर्यंत अण्णांनी बॉनेट उघडून पान्यानं बॅटरीची तार सोडवली होती.

"आवं, हे काय करताय?"

"शेडवरनं ट्रॅक्टर चोरीला गेला, तवापासनं कुठलीबी गाडी उभी केली की तार काढूनच ठेवतो. चालूच होत न्हाई मग."

मी कपाळावर हात मारला. तार निघाली की या जुन्या गाडीतला कोड पुसला जातो आणि दिवाही विझतो. दर वेळी गॅरेजला यायच्या आधी अण्णा आपल्याच हातानं पुरावा पुसून येत होते, आणि मी शहाणा त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की गाडी घरी कशी ठेवता.

तार जोडून पुन्हा त्याच वळणावर गेलो. दिवा लागला, जागेवरच कोड वाचला. इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या क्रँक सेन्सरचा. त्याची वायर घासून तांबं उघडं पडलं होतं. शेडवर येऊन दुरुस्त केली, दहा मिनिटांचं काम.

"तुमचं डोकं ठणठणीत हाय," मी म्हणालो. "चूक माझी झाली. आर्जवला मी सांगतो." अण्णा आता शिव्या घालतील म्हणून मी उभा राहिलो. घालायलाच हव्या होत्या.

ते क्रेट पालथं घालून त्यावर बसले. "मेजर, मी तुमचंच खरं मानलं हुतं," ते म्हणाले. "काल नातीनं इचारलं, सहा साते किती. मला ठावं हुतं. पर चुकलं तर काय, म्हणून बोललोच न्हाई."

माझी मलाच लाज वाटली. मी म्हणालो, "मग आता सांगा की. किती?"

"बेचाळीस," अण्णा म्हणाले, आणि बरोबर आलं का म्हणून माझ्या तोंडाकडं बघत राहिले.