चिलखताच्या आत

“जरा श्वास सोडा की. पट्टा बसंना झालाय,” श्रीदेवी म्हणाली आणि नवऱ्याच्या काखेखालचा चामडी पट्टा तिनं जोर लावून ओढला.

वीरभद्रप्पानं श्वास सोडला. छातीचा पत्रा पाठीच्या पत्र्याला खटकन भिडला. आता त्याला वाकता येणार नव्हतं की बसता येणार नव्हतं. दंड, कोपर, मांड्या, गुडघे, सगळीकडे पोलाद चढलं होतं. बाहेर मे महिन्याचं ऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीवर आग ओतत होतं, आणि व्हिडिओत आवाज येतो म्हणून शेडचा मालक महेश्वर यानं आतले पंखेही बंद करायला लावले होते.

“जमतंय न्हवं?” तिनं हळूच विचारलं.

“व्हय. टोप चढव,” तो म्हणाला.

खरं तर हे चिलखत अंगात घालायचं ठरलंच नव्हतं. हार्टमुट नावाचा जर्मन गिऱ्हाईक आपलं चिलखत बघायला खुद्द सोलापुरात आला होता. त्याच्या देशात जुन्या काळच्या लढायांचे खेळ भरतात, त्यात घालायला पाचशे वर्षांपूर्वीच्या चिलखताची हुबेहूब नक्कल त्याला हवी होती. तीही यंत्र न लावता, हातानं ठोकून घडवलेली. काम बघून तो इतका खूश झाला की त्यानं कॅमेराच काढला. घडवणाऱ्या कारागिरानं ऐरणीवर चार ठोके मारून दाखवावेत, एवढंच त्याचं मागणं होतं.

महेश्वर हातोडा घेऊन पुढं आला. “अण्णा, मारा की चार ठोके.”

वीरभद्रप्पाचा उजवा हात खिशात होता. तो तिथंच राहिला. “ठोकताना काय बघायचं? त्यापरीस मी अंगात घालूनच दावतो की. साहेबाच्या अन् माझ्या मापात लई फरक न्हाय,” तो घाईघाईनं म्हणाला.

श्रीदेवीनं त्याला अडवायला हात उचलला. पण तोवर महेश्वरनं इंग्रजीत सांगूनही टाकलं होतं आणि हार्टमुट टाळ्या वाजवत होता.

वीरभद्रप्पा मूळचा वळसंगचा. बापाची भट्टी होती, पण ट्रॅक्टर आले तशी फाळ-कुदळींची कामं आटली आणि तो सोलापुरात एका गॅरेजात बसगाड्यांचे पोचे काढायला लागला. चेपलेला पत्रा तो असा सरळ करायचा की मालकालाही पोचा कुठं होता ते सापडू नये. महेश्वरनं त्याला तिथूनच उचलून आणला. आधी नाटकांसाठी ढाली, मुकुट, मग परदेशातली कामं. हे जर्मन चिलखत म्हणजे त्याच्या हयातीतलं सगळ्यात मोठं काम. छातीचं पान, म्हणजे पुढचा मोठा पत्रा, त्यानं एकट्यानं काढलं. शिंपल्यावर असतात तशा उभ्या रेघा कमरेपासून वर पसरत गेलेल्या, आणि एकही रेघ डगमगलेली नाही.

त्यानंतर हात कापायला लागला. आधी बशीतला चहा सांडायचा, मग शर्टाचं बटण लागेना. डॉक्टर म्हणाले, हा आजार जात नाही, गोळ्यांनी थोडा आवरतो, इतकंच.

त्यानं महेश्वरला सांगितलं, “हितं गोंगाट लई हाय. मी घरीच करतो.” ऐरण आणि पत्रे वळसंगला आले. परसातल्या भट्टीचं दार आतून बंद झालं. आणि हातोडा श्रीदेवीच्या हातात आला.

लोहाराच्या घरात बाईनं घण मारणं नवं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून ती मारतच होती. पण तो फाळावरचा घण. उचलायचा आणि घालायचा. इथं पत्रा कागदासारखा पातळ होत जाई, एक ठोका जास्त पडला की फाटे. वीरभद्रप्पा शेजारी बसून बोलत राही. “आता कडेला. हलक्या हातानं. त्याला मारू नगंस, सरकव.” चुकलं की चिडायचा, मग गप्प व्हायचा. हळूहळू सांगणं कमी झालं. हाताच्या पंजांच्या वेळी तर तो नुसता बघत बसला होता. बोटाच्या एकेका पेरावर खवल्यांसारखी एकावर एक बसणारी पानं तिनं तिच्या अंदाजानंच घडवली.

“आता सांगून टाकू महेश्वरला,” ती म्हणायची.

“आनि लोकं काय म्हनतील? बायकोच्या हातचं खातोय?”

“लगीन झाल्यापास्नं कुनाच्या हातचं खाताय मग?”

त्यावर तो हसायचा नाही.

तिला नाव नको होतं. तिला फक्त हे संपायला हवं होतं. खांदा ठणकायचा, कुशीवर झोपता येत नव्हतं. नातेपुत्याला लेकीचं, दिपालीचं दुसरं बाळंतपण आलं होतं. “आई, या टायमाला तरी ये,” ती फोनवर म्हणत होती. श्रीदेवीनं शब्द दिला होता. चिलखत गेलं की निघतेच. शेडमध्ये सगळे समजत, की वैनी आतलं अस्तर तेवढं शिवतात. तसंच समजत राहोत, आज साहेब एकदाचा जाऊ दे, असं घोकत ती सकाळी आली होती.

तिनं टोप चढवला. पुढची झडप खाली पडली आणि नवऱ्याचा चेहरा गेला. डोळ्यांपुढं एक आडवी चीर तेवढी उरली. शेवटी तिनं दोन्ही पंजे चढवले आणि मागं सरली.

हार्टमुट कॅमेरा घेऊन गोल फिरू लागला. शेडमधली बाकीची माणसंही काम थांबवून बघत होती. आणि त्या शांततेत आवाज सुरू झाला. रुळांजवळच्या घरात गाडी जाताना मांडणीवरची भांडी वाजतात, तसा. बारीक, न थांबणारा. उजव्या पंजाची सगळी पानं एकमेकांवर वाजत होती.

“अण्णा, हलू नका की,” महेश्वर म्हणाला.

वीरभद्रप्पानं डाव्या पंजानं उजवा दाबून धरला. तसा पोलादावर पोलाद आपटून खडखडाट दुप्पट झाला. कंप हातातून दंडात गेला, दंडातून खांद्याच्या पत्र्यात. खिसा नव्हता, पळता येत नव्हतं, एकट्याला ते काढताही येत नव्हतं. चिरीतून डोळे तेवढे इकडंतिकडं फिरत होते.

श्रीदेवी पुढं झाली आणि तिनं तो पंजा आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. आवाज थांबला.

मग टोपातून आवाज आला, घागरीत बोलल्यासारखा.

“महेश्वर, यातलं छातीचं पान तेवढं माझं. बाकी समदं हिच्या हातचं हाय. माझा हात गेलाय. साहेबाला सांग.”

उघड्या चेहऱ्यानं जे तो एवढे महिने बोलू शकला नव्हता ते झडपेआडून बोलून मोकळा झाला. श्रीदेवीला रडू फुटेल असं वाटलं. सुटलो, तिच्या मनात आलं. दोघंही सुटलो.

महेश्वरनं तिच्या हातांकडं पाहिलं. बोटांवरच्या भाजल्याच्या खुणा, अंगठ्याचं काळंनिळं नख. हार्टमुटनं काहीतरी विचारलं. तेव्हा महेश्वर हसला आणि इंग्रजीत बोलला. श्रीदेवीला त्यातलं ‘व्हेरी हॅपी’ तेवढं समजलं.

हार्टमुटचा चेहरा उजळला. त्यानं फोटोसाठी कॅमेरा उचलला आणि तिला जरा बाजूला व्हायची खूण केली. ती हलली नाही.

“वैनी, सरका की जरा,” महेश्वर म्हणाला.

तिनं हात सोडला. पानं पुन्हा वाजायला लागली. म्हातारा आनंदानं थरथरतोय असं समजून हार्टमुट त्याच्या खांद्यावर थोपटत राहिला.

साहेब गाडीत बसून गेल्यावर तिनं एकेक पट्टा सोडला. टोप काढला तेव्हा वीरभद्रप्पाचे केस भिजून कपाळाला चिकटले होते.

“सांगितलं न्हाईस,” तो महेश्वरला म्हणाला.

“सांगून काय मिळालं असतं, अण्णा? तुमचा फोटो गेलाय तिकडं. साहेबाला आनखी दोन चिलखतं पायजेत.” महेश्वर श्रीदेवीकडं वळला. “आता चोरून करायची गरज न्हाय, वैनी. उद्यापास्नं हितंच या. अण्णा नुसते बसू देत. नाव त्यांचंच.”

“मला दिपालीकडं जायचंय,” ती म्हणाली.

“जावा की. हे झाल्यावर जावा.”

“तिचा खांदा दुखतोय. तिला न्हाय जमायचं,” वीरभद्रप्पा म्हणाला.

महेश्वर वाईट माणूस नव्हता. तो अगदी मऊपणानं म्हणाला, “अण्णांना कामावरनं कमी करायचं माझ्या मनात सुदिक न्हाय, वैनी. तुमीच बघा.”

ती बघत होती. नवरा खुर्चीवर बसला होता, मांडीवर हात उडत होता, आणि आता तो लपवायची धडपडही त्यानं सोडली होती. गोळ्या होत्या, घर होतं, आणि या शेडबाहेर अशा हाताला विचारणारं कुणी नव्हतं. खरं बोलून तो मोकळा झाला होता. तिच्यासाठी मात्र त्याच शब्दांनी दार लागलं होतं.

“येते,” ती म्हणाली. “पर हे बसनार न्हाईत हितं. पुतळ्यावानी बसवू नगा त्यांना.”

महेश्वरनं मान हलवली.

दिपाली बाळंत झाली तेव्हा श्रीदेवी शेडमध्ये दुसऱ्या चिलखताचा खांदा घडवत होती. सासूनं सगळं नीट केलं, दिपाली म्हणाली. फोन कानाशी धरून श्रीदेवीनं नातीचं रडणं ऐकलं. मागं दुसऱ्या कामावरचा ग्राइंडर सुरू झाल्यावर तिला काही ऐकू येईना, म्हणून तिनं फोन ठेवला.

पावसाळा सरता सरता एका सकाळी तिचा उजवा हात वर जाईना. केस मोकळे, कंगवा हातात, आणि एसटीची वेळ झालेली. ती उंबऱ्यावर तशीच बसून राहिली. वीरभद्रप्पा आतून आला. त्यानं तिच्या हातातला कंगवा घेतला आणि मागं बसला.

बराच वेळ गेला. कंगवा केसांत थरथरत अडकायचा, निसटायचा, पुन्हा लागायचा. ती मान ताठ धरून बसली होती.

“दुखतंय?”

“न्हाय.”

त्यानं भांग पाडून वेणी घातली, सैलसर, एका बाजूला कललेली. ती उठली, डबा घेतला आणि गेली.

शेडमध्ये तिच्यासमोर कानस चालवणाऱ्या विजयमालानं वर पाहिलं आणि हसू दाबलं. “वैनी, भांग लई वाकडा गेलाय की आज. या हिकडं, सरळ करून देते.”

“असू दे,” श्रीदेवी म्हणाली आणि तिनं डाव्या हातात हातोडा घेतला.