लाल दोऱ्याच्या फांद्या

बाभळीच्या फांदीवरची गाठ कुठल्या किड्याने केली, हे नुसती गाठ बघून कळत नाही. किडा बाहेर पडेपर्यंत थांबावं लागतं. आम्ही नवरा-बायको तीन वर्षं थांबलो. दोघंही निवृत्त मास्तर, दुसरं करणार काय, डोंबल? आधी दोन वर्षं गाठी तोडून बाटलीत ठेवल्या, त्या सुकून गेल्या. म्हणून यंदा सार्वजनिक बागेतल्या त्या झाडावरच राहू दिल्या आणि चुकायला नको म्हणून हिने त्या बावीस फांद्यांना लाल दोरे बांधले. आठवडाभरात किडे निघणार होते.

आज सकाळी बागेत गेलो, तर झाड अर्धं बोडकं. माळी कोपऱ्यात फांद्या जाळत होता.

"काका, तुमच्या दोऱ्यांनी काम सोपं झालं," तो म्हणाला. "रोगट फांदीला लाल खूण, आमचाही हाच नियम. एकसुद्धा सुटली नाही."

माझ्या तोंडात शिवी आली होती. ही राखेजवळ बसून काडीने उकरत म्हणाली, "अहो, गप्प बसा. त्याला काय माहीत?"

माळी त्याच्या खोलीत जाऊन लाल दोऱ्याचं नवं कोरं रीळ घेऊन आला आणि हिच्या हातात ठेवत म्हणाला, "काकू, पलीकडची झाडं राहिलीत."