रविवारचे सामने

शनिवारच्या सामन्यांसमोरचा आकडा त्याने पुसला, निम्म्यावर आणला आणि वाचलेली सगळी रक्कम रविवारवर टाकली. शेजारी बसलेल्या हिशेबनीस बाईंचा चष्मा नाकावरून घसरला.

"साहेब, शनिवार हातचा जाईल की!"

"जाणार नाही."

"इतकी खात्री?"

त्याने बोली पाठवून दिली. पडद्यावर हिरवी खूण उमटली, तशी त्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली. बाटली रिकामी होती.

चॅनेलसाठी फुटबॉलचे हक्क विकत घेणं हे त्याचं काम. लीगचा लिलाव बंद बोलीचा. कोण कशावर किती लावतंय हे कुणालाच कळत नाही. त्याला मात्र कळलं होतं. बायकोचा धाकटा भाऊ समोरच्या चॅनेलवर समालोचन करायचा. गेल्या आठवड्यात भाचीच्या वाढदिवसाला तो केक कापता कापता खुशीत बोलून गेला होता, "दाजी, यंदा आमचे लोक शनिवारकडे ढुंकूनही बघणार नाहीत. सगळा जोर रविवारवर. कितीही लागले तरी मागच्यापेक्षा दीडपट, त्याच्या वर नाही. तुम्ही शनिवार घ्या, सुखाने खा." आणि बोटाला लागलेलं क्रीम चाटत हसला होता.

संध्याकाळी निकाल आला. दोन्ही दिवस त्याच्या चॅनेलला. ऑफिसात टाळ्या वाजल्या, मालकाने सगळ्यांसमोर त्याला मिठी मारली. समोरच्या चॅनेलकडे फुटबॉलच उरला नाही, आणि महिनाअखेर त्यांनी तो विभाग बंद केला.

मालकाने दिलेला निरोप घेऊन तो मेहुण्याच्या घरी गेला. मेहुणा मोज्यांच्या जोड्या लावत बसला होता.

"आमच्याकडे ये," तो म्हणाला. "मालकांना तुझाच आवाज हवाय. उद्यापासून."

मेहुण्याच्या हातातला मोजा तसाच राहिला. चेहरा उजळला, मग हळूहळू विझला.

"नको दाजी."

"वेडा आहेस का? हातचं काम गेलंय तुझं."

"म्हणूनच नको. आमच्या साहेबांनी मला आत बोलावून विचारलं, घरी कुठे बोललास का? मी खरं तेच सांगितलं. दाजींसमोर बोललो, पण ते तसले नाहीत. ताईची शपथ घेऊन सांगितलं." तो किंचित हसला. "आता तुमच्याकडे नोकरीला लागलो, तर सगळे म्हणतील, बघा, ठरलेलंच होतं. माझं जाऊ दे, तुमच्या नावाला उगाच बट्टा लागेल."

त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात मेहुण्याच्या बायकोने आतून विचारलं, "चहा टाकू का भावोजींना?"

"नको, निघतो," तो म्हणाला. सांगायचं होतं ते जिभेवर आलंही होतं. पण मेहुणा दारापर्यंत आला, त्याच्या कोटाची मागे दुमडलेली कॉलर नीट करत म्हणाला, "ताईला यातलं काही बोलू नका हं. रडत बसेल." त्याने नुसती मान हलवली आणि जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी मालकाने केबिनचं दार ढकललं.

"काय म्हणतो तुमचा मेहुणा?"

"नाही म्हणाला."

"नाही? का?"

त्याला एकच खरं कारण माहीत होतं. ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न काय आला असता, हेही माहीत होतं. त्याने टेबलावरचं पेन उचललं, टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"पैसे कमी वाटले त्याला," तो म्हणाला.

"वाटला नव्हता हो इतका हावरा," मालक म्हणाला.

"नाही ना," तो म्हणाला. "मलाही."