जबाबदार व्यक्ती

मंगळवारी सकाळी बरोबर दहा वाजता लाओयिंग गावातली गरिबी कायमची संपणार होती. तसा लाल कापडी फलकच चावडीवर लागला होता. पण तपासणी पथकाला आधीच्या गावातली गरिबी संपवायला जरा वेळ लागला, चहापाणीही तिथंच झालं, आणि लाओयिंगची गरिबी साडेअकरापर्यंत टिकली.

या उशिरानं तान शुनफा सारखा आत-बाहेर करत होता. तालुक्याची बस बारा वाजता वरच्या खिंडीतून सुटे. दिवसाला एकच. त्याची बायको श्यूलियन आठवड्यातून दोनदा त्याच बसनं डायलिसिसला जाई, आणि मंगळवार हा तिचा वार होता. गेल्या हिवाळ्यात बर्फानं रस्ता अडला आणि एक खेप चुकली. तेव्हा तिच्या पापण्या सुजून डोळे मिटले होते, आणि ती भात्यासारखी धापा टाकत होती. तो आवाज तानच्या कानातून अजून गेला नव्हता.

आत्ता ती निळा कोट चढवून, पिशवी मांडीवर घेऊन चुलीपाशी बसली होती. बूट पायात जात नव्हते, म्हणून कापडी चपला. निघता येत नव्हतं. पथक येईल तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस घरात हवं, असा चिटणीस फेईंचा हुकूम होता. फेई म्हणजे गावातला सत्ताधारी पक्षाचा शेवटचा शब्द.

"काका, पुन्हा एकदा," निंग यान म्हणाली. ही सव्वीस वर्षांची मुलगी सरकारनं तानच्या घराला गरिबीतून बाहेर काढण्यासाठी नेमून दिली होती. दारावर लावलेल्या गरिबीच्या कार्डावर तिचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'जबाबदार व्यक्ती'. "घरात वीज?"

"आहे."

"नळाला पाणी?"

"मंगळवारी असतं."

"काका!"

"आहे, आहे. आज मंगळवारच आहे की."

"तुमची जबाबदार व्यक्ती कोण?"

"तू."

"'तू' नाही हो! नाव सांगायचं. निंग यान. पलीकडच्या गावात एक आजोबा नाव विसरले, तर त्या बिचाऱ्या पोराला सगळ्यांसमोर उभं करून झापलं."

"निंग यान, निंग यान," तान पुटपुटू लागला. भुताखेतांच्या वाटेनं जाताना माणूस पुटपुटतो तसा.

"आणि काही मागणी आहे का विचारलं, तर?"

"काही नाही. लई समाधान आहे."

"आणि मला विचारलं तर?" श्यूलियननं चुलीजवळून विचारलं.

"काकू, तुम्ही नुसतं हसा."

"हसते. बस चुकली की मग रडते."

तेवढ्यात अंगणात मोटार थांबली. सहा माणसं, दोन कॅमेरे आणि सर्वांच्या मागं हसरे फेई. पथकप्रमुख चष्मेवाले होते. त्यांनी दारावरचं कार्ड मोठ्यानं वाचलं, "गरिबीचं कारण: अंगी उमेद कमी."

सगळ्यांनी तानकडं पाहिलं. तानही खाली मान घालून स्वतःकडं बघू लागला. पहिली पाहणी झाली त्या दुपारी तो खाटेवर झोपलेला सापडला होता. आदल्या दिवशी बायकोला पाठुंगळीला घेऊन तो खिंड चढला आणि उतरला होता, पण तेवढा मजकूर बसेल असा रकाना अर्जात नव्हता.

पथकानं बटण दाबलं, दिवा लागला. नळ सोडला, पाणी आलं. तांदळाच्या कणगीत एकानं हात घालून पाहिला. तान मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता. अकरा चाळीस. खिंडीपर्यंत एकट्याला वीस मिनिटं, तिला घेऊन पाऊण तास. म्हणजे बस गेलीच. पाठीवर घेतलं तर? पण पथकाला सोडून गेलो आणि साहेबांची खप्पामर्जी झाली तर? त्या कार्डावरच तर दवाखाना जवळजवळ फुकट होता.

"आता सांगा, या घराची जबाबदार व्यक्ती कोण?" साहेबांनी विचारलं.

 तानच्या डोक्यातून नाव भुर्रकन उडालं होतं. समोर श्यूलियन शिकवल्याप्रमाणे हसत होती, आणि चपलेच्या पट्ट्यावर तिचा पाय फुगून वर आला होता.

"मी," तो म्हणाला.

फेईंचा चेहरा सोयाच्या पनीरासारखा पांढरा पडला. निंग यानच्या हातातली वही खाली पडली. "काका..."

"मीच," तान पुन्हा म्हणाला. घाबरलेला माणूस चूक सुधारायला जातो आणि तीच दुप्पट करतो. "दुसरं कोण असणार?"

साहेबांनी चष्मा काढला. डोळे पुसले. "लिहून घ्या!" ते गरजले. "हीच ती उमेद! या माणसाला आता कुणाच्या टेकूची गरज नाही!"

टेकू म्हणजे नक्की काय काय, हे विचारायचं तानला धाडस झालं नाही.  फोटो निघाले. गरिबीतून स्वतःच्या बळावर बाहेर पडल्याच्या कागदावर त्याचा लाल अंगठा उठला. फेईंनी त्याला मिठी मारली, आणि आपण हे कधीपासून सांगत होतो, असं सांगितलं. खिंडीतून दोनदा हॉर्न वाजला. मग तो डोंगराच्या पलीकडं विरत गेला.

श्यूलियन अजून हसत होती. फक्त तिनं पिशवीचा बंद मुठीत घट्ट आवळला होता.

"शेवटचा प्रश्न, तान महाशय," साहेब पेन सरसावून म्हणाले. "सरकारकडं तुमची काही मागणी?"

मागून फेई खाकरले. निंग यान डोळ्यांनीच 'नाही, नाही' म्हणत होती. ताननं श्यूलियनच्या पायांकडं पाहिलं.  तोंड उघडलं तर कार्ड जाईल, मिटलं तर...

"एक आहे, साहेब."

फेईंनी डोळे मिटले.

"तालुक्यापर्यंत तुमच्या गाडीत एक जागा होईल का? खिडकीजवळची असली तर बरं. हिला गाडी लागते."